पोच्यावर ठेवलेला हात

माझ्या बायकोचा शेवटचा फोटो गाड्या भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीच्या कॉम्प्युटरात अडकला होता. तो सोडवायला मी त्या कंपनीशी भांडलो. लोकांना वाटलं, म्हातारा पैशासाठी भांडतोय. पहिल्यांदा पैशासाठीच भांडत होतो, खोटं कशाला सांगू. नंतर नाय.

मी चौथी शिकलेला. लिहायला बसलं की बोटं आखडतात. पण बोलायला गेलो की माझ्या तोंडातून दगडच पडतात, असं ती म्हणायची. म्हणून लिहितोय. कागदावरचं निदान खोडता येतं.

तीस वर्षं मी शहर ते पैठण जीप चालवली, काळी-पिवळी. नऊ माणसांचा परवाना आणि आत सोळा माणसं. पुढच्या शीटवर माझ्या बाजूला तिघं बसायचे. त्या शीटसाठी लोक भांडायचे, कारण तिथं वारा लागतो आणि कपडे चुरगळत नाहीत. बायको कधी बरोबर निघाली तर मी तिला मागच्या आडव्या फळीवर बसवायचो, भाजीच्या गाठोड्यांत. "पुढची शीट धंद्याची," म्हणायचो. ती काही बोलायची नाय. एकदाच म्हणाली, "पैठणला उतरते तव्हा माझ्या अंगाला मेथीचा वास येतो." मी म्हणलं, "मग काय, फोडणी घालू?" सगळी जीप हसली. तीबी हसली. तिला हसू आलं होतं का नाय, ते मी कधी पाहिलं नाय. माझं लक्ष रस्त्यावर.

सकाळी जीप धुवायचं काम तिचं. एक बादली, जुन्या लुगड्याचं फडकं. धुतल्यावर ती पत्र्यावरून तळहात फिरवायची, पुढच्या मडगार्डपासून मागच्या दारापर्यंत, सावकाश, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. ते मीच शिकवलेलं. बारका पोचा डोळ्याला दिसत नाय, ऊन वाकडं पडलं तरच दिसतो. तळहाताला मात्र लगेच समजतो. गाडी हातात घेताना डायवरनं डोळ्यानं नाय, हातानं बघायची, ही आमची पद्धत. हात फिरवून झाला की ती आत यायची. "मागच्या दाराला पोचा आलाय. काल कुठं घासली?"

"तुला काय कळतंय गाडीतलं."

मग मी बाहेर जाऊन बघायचो. पोचा असायचा.

जीप विकली त्याला सात वर्षं झाली. आम्ही गारखेड्यात दोन खोल्यांत राहत होतो, मुलगी दोन गल्ल्या सोडून. यंदा धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांतून एकदा हा जादाचा महिना येतो आणि जावयाला सासरवाडीला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. माझी सासरवाडी देवगाव रंगारी. तिच्या भावाचा फोन आला, "दाजी, ह्या टायमाला या. मागच्या धोंड्याला आला, पुरण कोरडं झालं म्हणला, माझी बायको दोन दिवस रडली. ह्या टायमाला तूप जास्त घालतो."

"सत्तरीला टेकलेला जावई मिरवायला तुला लाज नाय वाटत का?" मी म्हणलं.

"लाज तुम्हाला वाटाया पायजे. तुम्ही खाणार."

बायकोला जायचं होतं. पण तिचे गुडघे गेलेले, एष्टीची पायरी चढवत नव्हती. मुलगी म्हणाली, "अण्णा, आता गाडी भाड्यानं मिळते. डायवर नाय, आपणच चालवायची. तुमचं लायसन चालू आहे. मी मोबाइलवरून करते."

"जलमभर गाडीचं भाडं घेतलं मी. आता द्यायचं?"

"द्या की," बायको आतून म्हणाली. "मला पुढं बसायचंय."

कंपनीच्या आवारात चार-पाच गाड्या उभ्या होत्या. तिथला माणूस चाळिशीचा, चष्म्याचा, आपल्या शहरातल्या लोकांसारखा अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारा. हातात पाटीएवढा मोबाइल. म्हणाला, "चाचा, पयले व्हिडिओ लेना पडता. चारो तरफ से. फिर चाबी."

मी म्हणलं, घे. आणि काय केलं, तर सरळ आत जाऊन स्टेरिंगवर बसलो. पांढरी गाडी, आत गारवा, बटणं नव्या तऱ्हेची. तीस वर्षं दुसऱ्याची गाडी हातात घेताना आधी पत्र्यावरून हात फिरवणारा मी, त्या दिवशी साहेबासारखा आत बसून बटणं दाबत होतो. अर्धी काच वर, गारव्याच्या पंख्याचा आवाज. बाहेर तो माणूस मोबाइल धरून गोल फिरत होता. डाव्या बाजूच्या आरशात मला बायको दिसली. ती गाडीला लागून उभी. मी आतून ओरडलो, "ए, सरक तिकडं! गाडीचा फोटू चाललाय, तुझा नाय!"

ती काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाय. सरकलीबी नाय. मागच्या दारावर हात ठेवून, फोटोला राहतात तशी ताठ उभी राहिली. तो माणूस हसला. "रहने दो चाचा. चाची का भी आने दो."

मग ती पुढं येऊन बसली. माझ्या शेजारी, पुढच्या शीटवर. एक पाय वर मुडपून घेतला. पट्टा लावला नव्हता म्हणून गाडी टिंग टिंग करायला लागली.

"ही कशाला वरडायली?"

"तुला ओळखत नाय म्हणून."

दौलताबाद मागं पडलं, कसाबखेड्याच्या पुढं रस्ता मोकळा झाला. तिनं गारवा बंद करायला लावला आणि काच उघडली. मग म्हणाली, "तुमच्या जीपमधी मला रस्ता नुसता मागं जाताना दिसायचा. आज पुढून येताना बघायले." मी म्हणलं, "रस्ता तोच असतो." ह्याला दगड म्हणतात. ती खिडकीतून बघत राहिली.

देवगावात मेव्हण्यानं ताट वाढलं. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा, आणि धोंड्यांवर इतकं तूप की बोटं निसटायची. तिनं आदल्या दिवशी माझ्याकडून वचन घेतलं होतं. मी सगळ्यांसमोर म्हणलं, "पुरण चांगलं झालंय." मेव्हण्याची बायको डोळ्याला पदर लावायला लागली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, चांगलं म्हणला तरी ती रडतीच. आता जेवा गुमान." बायको हसली. ते हसू मी पाहिलं. तेवढं एक पाहिलं.

दुसऱ्या दिवशी गाडी परत दिली. तो चष्म्याचा माणूस गाडीभोवती फिरला आणि डाव्या मागच्या दारापाशी थांबला. "चाचा, ये डेंट."

मी वाकून बघितलं, मग हात फिरवला. तळहाताएवढा पोचा. पण माझा जलम ह्यातच गेला. पोच्याच्या घडीत जुनी धूळ चिकटून बसलेली, कडंला रंग फुगून त्याखाली तांबूस गंज. मी म्हणलं, "हा एका दिवसाचा नाय. पावसाळा खाल्लेला पोचा हाय हा. एका दिवसात पत्रा गंजतो का?"

"आपके बोलने से क्या होता चाचा? सिस्टम में देखो." त्यानं पाटी माझ्यासमोर धरली. गाडी देतानाच्या व्हिडिओतला फोटो, डावी बाजू. मागच्या दारासमोर माझी बायको उभी, दारावर हात. "डोअर क्लीन है."

"अरे, तिथं माझी बायको उभी हाय!"

"वोइच तो. डेंट किधर है?"

अनामत ठेवलेली रक्कम त्यांनी कापून घेतली. तास दीड तास मी ओरडलो. तिथं बसलेले दुसरे लोक माझ्याकडं बघत होते. जलमभर लोकांच्या गाड्या सांभाळल्या, कुणी माझ्यावर पोचा घातला नव्हता. ते मला जास्त लागलं.

तसाच तापलेला घरी आलो. ती शेंगा फोडत बसली होती.

"फोटूची एवढी हौस होती तर सांगायचं. स्टुडिओत नेलं असतं. तिथं कशाला कडमडलीस? तुझ्यामुळं पोचा झाकला, आता माझ्या नावावर आला."

तिनं वर बघितलं. "अहो, मी तर..."

"गप."

तिनं टरफलं पदरात गोळा केली आणि उठून आत गेली.

त्याच्या चौथ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "जरा पडते, छाती भरून आल्यासारखं वाटतंय." मी चहा ठेवला. चहा घेऊन आत गेलो तर ती गेलेली होती. रिक्षा, दवाखाना, सगळं केलं. त्याचा काही उपयोग नव्हता, मला खोलीतच समजलं होतं. मधल्या तीन दिवसांत आम्ही बोललो, नाय असं नाय. पाणी आलं, भाजी काय आणू, गॅस संपला. पण "मी तर" च्या पुढचं तिनं सांगितलं नाय आणि मी विचारलं नाय.

तेराव्याला पाटावर ठेवायला फोटो पायजे होता. मुलीनं सगळीकडं शोधला. आमच्या लग्नातला होता, पण त्यात ती पोरवयातली. लग्नाकार्यात ती कायम चुलीपाशी. कुठल्या फोटोत अर्धं डोकं, कुठल्यात नुसता वाढणारा हात. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. काळपट, डोळे फाडलेले. कुणाचीबी बायको वाटावी असा. मेव्हणा त्याच्याकडं बघून म्हणाला, "ही माझी बहीण नाय." आणि बाहेर जाऊन बसला.

तेव्हा मला आठवलं. तिचा एक फोटो आहे. उभा, पुरा, अजून वीस दिवसबी न झालेला. कंपनीत.

मी शहर बसनं एकटाच गेलो. चष्म्याचा माणूस मला बघूनच म्हणाला, "चाचा, आपका केस क्लोज हो गया."

"मला तो व्हिडिओ बघायचाय."

"केस ओपन रहता तो दिखाता. अब थोडे दिन में वो उड जाएगा. नवीन गाड्यांना जागा लागते ना."

बायको गेली, हे मी त्याला सांगितलं नाय. परक्यासमोर तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं, ह्याची मला भीती वाटली. नुसतं विचारलं, "केस उघडायला काय करायचं?"

"कंप्लेंट डालो. लिख के."

संध्याकाळी मुलीला म्हणलं, "कंपनीला तक्रार लिही. पोचा माझा नाय."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "अण्णा, आई जाऊन महिना झाला नाय. आणि तुम्ही गाडीच्या पोच्यावरून भांडताय? जाऊ द्या की ते पैसे."

"नाय जाऊ देणार."

"आई म्हणत होती ते खरंय. तुम्हाला माणसापेक्षा गाडी जवळची."

तिनं रागानंच मोबाइल घेतला आणि म्हणाली, "सांगा, काय लिहू."

मी सांगत गेलो. पोच्याच्या घडीत जुनी धूळ आहे. कडंला गंज आहे. गंज एका दिवसात येत नाय. नायतर ग्राहक मंचात जाईन. ती टाइप करत होती. मग मी म्हणलं, "आणि लिही, सगळा व्हिडिओ दाखवावा. माझी बायको त्यात येते तिथपासून, जाते तिथपर्यंत."

तिची बोटं थांबली. तिनं वर बघितलं नाय. नाक पुसलं आणि म्हणाली, "आधी का नाय सांगितलं, अण्णा?"

पुढचं तिनं तिच्या मनानं लिहिलं, माझ्यापेक्षा चांगलं. व्हिडिओ पुसू नये, पुसला तर पुरावा नष्ट केला असं धरलं जाईल, असं काहीतरी. मला तिचा अभिमान वाटला. तो मी बोलून दाखवला नाय. इथं लिहितो.

उत्तर आलं, चौकशी चालू आहे. आठ दिवस गेले, पुन्हा तेच. मग मी दर सोमवारी तिथं जाऊन बसायला लागलो. गार हवेची खोली, काचेचं दार, मऊ कोच. चष्म्याचा माणूस पहिल्यांदा वैतागायचा, मग थट्टा करायला लागला. "क्या चाचा, पगार चालू करू क्या आपका?"

"पगार ऱ्हाऊ दे. हजेरी लाव."

तिसऱ्या सोमवारी आवारात मला तीच गाडी दिसली. पांढरी, नंबर तोच. मी डाव्या बाजूला गेलो. पोचा तसाच! माझ्याकडून कापलेल्या पैशात त्याला कुणी हातबी लावला नव्हता. गंज जरा वाढलेला. माझं डोकं भडकलं, आत जाऊन ह्यांची गचांडी धरावी असं वाटलं. पण त्याआधी, सवयीनं, मी पोच्यावर हात ठेवला.

तळहात बरोबर त्यात बसला.

मी तिथंच उभा राहिलो. फोटोत तिचा हात इथंच होता. बरोबर इथंच, पसरलेला. फोटोला उभी राहणारी बाई हात असा ठेवत नाय. पदर सावरते, नायतर हात समोर घेते. दारावर, कमरेच्या उंचीला, तळवा पसरून कशाला ठेवंल? आत न जाता मी घरी आलो. मुलीला म्हणलं, "पुढच्या सोमवारी तूबी चल."

ती आली. तिनं काउंटरवर पोच्याचे नवे फोटो ठेवले, गंजासकट, आणि विचारलं की पैसे कापून दोन महिने होत आले तर दुरुस्ती कुठं झाली. चष्म्याच्या माणसानं वरच्या कुणाला तरी फोन केला. बराच वेळ हूं हूं करत ऐकलं. मग कॉम्प्युटर आमच्याकडं वळवला. "देख लो चाचा. पूरा है."

आधी गाडीचं तोंड आलं. मग उजवी बाजू, काचेतून मी, मान खाली घालून बटणं दाबणारा. मग मागची बाजू. मग डावी, आणि तिथं ती.

मोरपंखी साडी, धोंड्याला नेसलेली. तिनं मोबाइलकडं बघितलंच नव्हतं. ती पत्र्याकडं बघत होती. पुढच्या मडगार्डवर तळहात ठेवला आणि सावकाश मागं नेला. पुढचं दार, मधला खांब, मागचं दार. जीप धुतल्यावर फिरवायची तसाच. मी विसरलो होतो, ती विसरली नव्हती. हात थांबला. जरा मागं आला, पुन्हा पुढं गेला. ती वाकली, आणि हाताखालून पोचा दिसला, उन्हात, सावलीची रेघ ओढावी तसा.

मग तिचा आवाज आला. तो येईल हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

"अहो, हितं पोचा हाय बघा. मागच्या दाराला. त्यांला आत्ताच सांगून ठेवा."

आणि गाडीतून दुसरा आवाज. "ए, सरक तिकडं! गाडीचा फोटू चाललाय, तुझा नाय!"

तिनं काचेकडं बघितलं. जरासंच. मग मोबाइल धरणाऱ्याकडं वळली. "भाऊ, मी हितं हात ठेवते. एवढं फोटूत घ्या." आणि पोच्यावर हात ठेवून ताठ उभी राहिली. खूण म्हणून. आपण हात ठेवला म्हणजे पोचा दिसंल, एवढंच तिला कळलं. हातानं तो झाकला जाईल, हे तिच्या ध्यानात आलं नाय. हातानंच बघायची सवय होती ना तिला.

चित्र पुढं सरकलं आणि संपलं.

चष्म्याच्या माणसानं चष्मा काढला, शर्टाला पुसला. "चाचा, ये तो बोल रही हैं."

"व्हय."

"मेरे को ध्यान नहीं रहा. दिवसाला पंधरा गाड्या जातात."

"मलाबी नाय राहिलं," मी म्हणलं.

त्यानं विचारलं, "चाची कैसी हैं?" मुलगी म्हणाली, "आई गेली. ही गाडी परत दिल्यावर चार दिवसांनी." त्यानं तोंडावर हात ठेवला. मग पुन्हा फोन लावला आणि ह्या वेळी हूं हूं केलं नाय, जरा चढ्या आवाजात बोलला. फोन ठेवून म्हणाला, पैसे परत येतील, दोन-तीन दिवसांत, लेखी पण येईल. मुलगी काहीतरी विचारत होती. माझं तिकडं ध्यान नव्हतं.

"मागं घे," मी म्हणलं. त्यानं मागं घेतलं. चार वेळा बघितलं.

मग म्हणलं, "हा मला दे."

"नहीं दे सकता चाचा. बाहर देने का रूल नहीं. कंपनी का माल है."

"गाडी तुमच्या कंपनीची. बाई माझी हाय."

त्यानं मान हलवली.

"पैसे ठेव तुमचे. पोचा माझ्या नावावर लिही. तीन लिही. ती दे."

"अण्णा..." मुलीनं माझा दंड धरला.

तो माणूस उठला. काउंटरच्या बाहेर आला, माझ्याकडं न बघता मुलीला म्हणाला, "मैं चाय बोल के आता. पाच मिनट लगेंगे. मॅडम, स्क्रीन को हात मत लगाना, चालू छोड के जाता." आणि काचेचं दार ढकलून गेला. चहावाला समोरच होता, पण चष्म्याचा माणूस गाड्यांच्या पलीकडं जाऊन पाठ करून उभा राहिला.

मुलीनं मोबाइल काढला आणि कॉम्प्युटरच्या समोर धरला. मी तिच्या मागं उभा होतो. खुर्चीची पाठ धरली होती.

चहा आला. आम्ही तिघांनी प्यायला. पैसे नंतर आले. ते मी मुलीला दिले, तिनं घेतले नाहीत, कपाटात आहेत.

व्हिडिओ मुलीच्या मोबाइलात आहे, आवाजासकट. तिथून आल्यावर मी तो आवाज लावून पाहिलेला नाय. तिचा ऐकायचा तर माझाबी ऐकावा लागतो.

त्यातला एक फोटो काढून फ्रेम करायला दिला. स्टुडिओवाल्यानं मोठा करून दाखवला. म्हणाला, "काका, मागची गाडी काढून टाकतो, निळं आभाळ टाकतो. नुसता चेहरा घेऊ."

"गाडी ऱ्हाऊ दे. हात पायजे. दार पायजे."

"बरं. आणि ही इथं कुणाची तरी सावली पडलीय बघा, हिच्या खांद्यावर. ही तरी काढतो."

मी चष्मा लावून बघितलं. कॉम्प्युटरच्या काचेत मागं उभा असलेला मीच आलो होतो, फिकट, खुर्ची धरून. मुलीनं व्हिडिओ घेताना माझं प्रतिबिंब त्यात आलं होतं. आमचा दोघांचा एका जागी फोटो लग्नातला सोडला तर नव्हता.

"ती ऱ्हाऊ दे," मी म्हणलं.

आता फ्रेम खिडकीसमोरच्या भिंतीवर आहे. आधार कार्डावरचा फोटो काढून ठेवला. मेव्हणा येऊन गेला, बराच वेळ बघत उभा होता, म्हणाला, "हां, ही." मुलगी दर गुरुवारी झेंडूचा हार आणते आणि फ्रेमला घालते. हार लांब असतो, खाली येतो, आणि तिचा हात झाकतो. मुलगी गेली की मी खुर्चीवर चढतो, हाराला मध्ये गाठ मारतो आणि आखूड करून वर बांधतो. हात उघडा राहतो.